वाहिद पिंजाऱ्याची पहिली निवड

या, असे जवळ सरका. मागे भिंतीला टेकलात त्यांनीही पुढं यावं. सतरंजी मोठी आहे आणि माझा आवाज बेताचा. आज एक गोष्ट सांगतो. राजाराणीची नाही, आपल्या म्हसावदच्या एका पिंजाऱ्याची. गोष्ट फुटबॉलची आहे, म्हणून कुणी चपला शोधायला लागू नका. बुवांच्या कीर्तनात आख्यान कुठलंही लागलं तरी बोट शेवटी आपल्याच छातीकडे वळतं की नाही? ही गोष्टही तसलीच आहे.

वाहिद पिंजारी, वय एक्कावन्न. बाजाराच्या रस्त्याला त्याचं गाद्या-उशा भरायचं दुकान. माणूस कायम कापसात बसलेला, भुवयांवर कापूस, कानाच्या पाळीवर कापूस. पण गळ्यात काळ्या दोरीला एक शिट्टी. बावीस वर्षं म्हसावदच्या संघाचा तोच मास्तर. पगार नाही, मानधन नाही. संध्याकाळी पाच वाजले की गिऱ्हाइकाची उशी अर्धी भरलेली टाकून पटांगणावर हजर. गावात त्याला कुणी पिंजारी म्हणून हाक मारली तर तो मान हलवायचा, मास्तर म्हटलं की मान वर करायचा. एवढं एक त्याचं सुख, आणि या गोष्टीत पणाला लागली ती हीच शिट्टी.

जिल्ह्यातल्या सहा गावांची स्पर्धा दिवाळीनंतर भरते. पूर्वी ज्या गावचा खेळाडू त्याच गावाकडून खेळायचा. त्यात मोठ्या गावांचीच चलती. मग कमिटीनं नियम काढला: प्रत्येक संघानं आपले आठ जुने गडी ठेवावेत, बाकी सगळ्यांची एकच यादी करावी, आणि त्या यादीतून संघांनी पाळीपाळीनं एकेक नाव उचलावं. आदल्या वर्षी जो शेवटी आला त्याची पाळी पहिली.

आदल्या वर्षी शेवटी आलं होतं म्हसावद. दहा सामन्यांत एकतीस गोल खाल्ले. का खाल्ले, तर भिला नावाचा चांगला गोलकीपर कामाला सुरतेला निघून गेला आणि त्याच्या जागी, जो रिकामा दिसेल त्याला उभं केलं.

या वर्षीच्या यादीत मोजून दोन नावं अशी होती की ज्यांच्यासाठी भांडावं. एक दिवाल्या पावरा, धडगावच्या डोंगरातला, अंगानं काटक, बोलायला कंजूस. गोलात असा उभा राहायचा की दोन खांबांमधली जागा कमी झाल्यासारखी वाटावी. दुसरा अरबाज. एकोणीस वर्षांचा. त्याच्याबद्दल काय सांगू? चाचणीच्या दिवशी चार जणांच्या मधून चेंडू घेऊन निघाला, तेव्हा शेंगदाणे खाणाऱ्यांचे हात तोंडाशी थांबले. जिल्ह्यात असा पाय दुसरा नाही, हे शत्रूही कबूल करत.

आणि हा अरबाज म्हणजे वाहिदचा सख्खा पुतण्या. धाकट्या भावाचा, जाहिदचा मुलगा. त्या जाहिदचा, जो नऊ वर्षं वाहिदशी एक शब्द बोललेला नव्हता.

निवडीच्या दोन दिवस आधी संघाचे अध्यक्ष प्रेमचंद पाटील यांनी वाहिदला केळीच्या शेडात बोलावून घेतलं. प्रेमचंदभाऊ तापीकाठचे गुजर, केळी-कापसाचं मोठं बागायत. संघाचे कपडे, बूट, गाडीभाडं सगळं त्यांचं. घड धुणाऱ्या बायांसमोरच त्यांनी अरबाजच्या नावाचा विषय काढला.

"वाहिदभाई, पयली निवड आपली शे. अरबाजनं नाव सांगानं आनि घर यावानं. इतलं सोपं काम शे."

"आनि गोलमा कोन उभा ऱ्हाई?" वाहिदनं विचारलं.

"तुन्हा दुकानमातली एक गादी उभी करी दे. चेंडू आदळी नि पडी."

बाया हसल्या. वाहिद हसला नाही.

"मांगला साल तेच करं आपन. एकतीस खादात."

"या साल बत्तीस मारसूत."

"प्रेमचंदभाऊ, गादीना कोपरा उसवेल व्हई ते मी आधी कोपरा शिवस. कापूस मंग भरस. उसवेल गादीमा कितलाबी चांगला कापूस भरा, तो बाहेरच निंघस. आपला कोपरा उसवेल शे. मले दिवाल्या पाहिजे."

"तू मले कापूस नको शिकाडू," प्रेमचंदभाऊंचा आवाज चढला. "मी पिकाडस, तू पिंजस. दिवाल्याले देखाले कोन येई? गोल अडावनारले कोनी खांदावर लेत नही. लोके गोल देखाले येतस." मग ते जवळ आले आणि बायांना ऐकू जाईल इतकंच हळू बोलले. "खरं सांगू? तो तुन्हा भाऊना पोऱ्या शे म्हनीसन तुन्हं पोट दुखी ऱ्हायनं. सगळा गाव म्हनस."

वाहिद बाहीवरचा कापूस वेचायला लागला.

"परवा तुन्हा तोंडमाईन अरबाजनं नाव निंघनं नही, ते शिट्टी तठेच टेबलवर ठेवी दे. मास्तर काय, दुसरा भेटी जाई."

आता जरा थांबा. गाव म्हणत होता ते खरं की खोटं? वाहिदलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून तर तो कापूस वेचत राहिला.

नऊ वर्षांपूर्वी जाहिद खेळायचा. आजचा अरबाज म्हणजे त्या जाहिदची सावली म्हणा. अंतिम सामना होता तळोद्याशी. सकाळी वाहिदनं अकरा नावं वाचली, त्यात जाहिदचं नव्हतं. त्याच्या जागी बचावाला एक साधा गडी. विचारलं तर वाहिद म्हणाला, "आज संघाला बचावाची गरज आहे." जाहिद बुटांच्या नाड्या बांधून शेवटपर्यंत बाकावर बसला. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर म्हसावद जिंकलं, हार वाहिदच्या गळ्यात पडले. जिंकलेल्याला कोण विचारतो? सगळे म्हणाले, मास्तरचं डोकं चाललं. जाहिदनं त्या दिवशी बूट सोडले ते सोडलेच. पुढं बाप गेला, तेव्हा दोघा भावांनी कबरीच्या दोन बाजूंनी मूठमाती दिली, पण एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नाही.

लोकांना वाटायचं जाहिद मानी आहे, रुसला आहे. गरज होती की नव्हती, ते एकट्या वाहिदला ठाऊक. त्या साली जाहिदच्या नावाच्या टाळ्या ऐकल्या की वाहिदच्या पोटात मिरची टाकल्यासारखं व्हायचं. मास्तर मी, शिकवलं मी, आणि टाळी याला. त्या जळण्याला त्यानं गरज असं नाव दिलं आणि भावाला बसवलं.

मग यंदाच्या चाचणीत अरबाज चौघांमधून निघाला, तेव्हा वाहिदनं आपलं पोट चाचपून पाहिलं. अक्षरशः हात ठेवला पोटावर. जळत नव्हतं. उलट टाळी वाजवायला हात उठत होते. त्यामुळे त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. आज त्याला दिवाल्या हवा होता तो खरोखर गरज म्हणून. आणि नऊ वर्षांपूर्वीची ती गरज नव्हती. पण शब्द तर तोच होता! एकदा खोट्याला वापरलेला शब्द आता खऱ्याला कसा चालवायचा?

घरी काय चाललं होतं तेही ऐका. दोघा भावांचं अंगण एकच, मधून कमरेएवढी भिंत. आणि आपल्याकडे अबोला धरला म्हणजे काही माणूस गप्प बसत नाही. जाहिद बकरीशी बोलायचा. बकरी त्याच्या दाव्याला, बोलणं मात्र भिंतीपलीकडच्याला.

"बकरे, आयक," त्या दुपारी पिकअप धुता धुता जाहिद म्हणाला. "परवा मोठा लोकेस्नी निवड शे. मन्हा पोऱ्याले लिधं ते काय करतीन, सांगू? बाकवर बसाडतीन. त्या कामले त्यास्ना हात बसेल शे."

वाहिदची बायको साबिरा भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघून म्हणाली, "तवा, देख रे बाबा, तुन्हावर निदान भाकर ते झाकन म्हनीसन बसस. काही तोंडेस्ले तेबी नही."

"बकरे, तवाले सांग, मी भाभीले काही म्हनत नही. भाभीना हातनी भाकर मी खायेल शे. मी म्हनस त्याले, जो भाऊनी टाळी खाई गया."

वाहिद गादीला टाके घालत होता. सुई बोटात गेली.

एवढ्यात अरबाज भिंत ओलांडून सरळ वाहिदच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्या पोराला बकरी-तवा काही जमत नसे. "बडे अब्बा, तुमी परवा मन्हं नाव लेशात का?"

"अरबाज, इकडे ये," पलीकडून जाहिद गरजला.

पोरगा हलला नाही. वाहिद म्हणाला, "तू चांगला खेळस. तुन्हा बापसारखा." पलीकडे पाण्याची बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "पन मले गोलकीपर पाहिजे."

"लोके म्हनतीन तुमी जळतस."

"म्हनतीन."

"त्या लोकेस्ले म्हनू द्या. मी काय म्हनू?"

वाहिदनं सुईत दोरा ओवायला घेतला. अरबाज आला तसा भिंतीवरून परत गेला.

निवड शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात होती. स्टेजवर टेबल, टेबलावर चेंडू. रिवाज असा की मास्तरनं उभं राहून, चेंडूवर हात ठेवून मोठ्यानं नाव घ्यायचं. घेतलं की बदल नाही. खाली दोनशे माणूस, सहा गावांचं, आणि सहाही गावं एकमेकांवर खार खाऊन. कमिटीचे सचिव भटू मास्तर यांनी पुकारलं, "पहिली निवड, म्हसावद."

वाहिद चढला. पुढच्या रांगेत प्रेमचंदभाऊ मांडीवर मांडी टाकून बसलेले. सगळ्यात मागे, दाराशी, जाहिद उभा. वाहिदनं चेंडूवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"ओ पिंजारी, गादी भराले नही बलावं तुले," नवापूरच्या टोळक्यातून कुणी ओरडलं. "नाव सांग, नही ते घर जाय."

सभेत मराठी बोलायची पद्धत, म्हणून वाहिद शाळेतल्या मराठीत बोलला. "नाव सांगण्याच्या अगोदर एक गोष्ट सांगतो. नऊ वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात मी माझ्या भावाला बसवलं. संघाची गरज आहे असं म्हणालो. ते खोटं होतं. त्याच्या नावाची टाळी मला सोसवत नव्हती. आजही मी संघाची गरज आहे असंच म्हणणार आहे. आज ते खरं आहे. तुम्ही विश्वास ठेवा असं मी सांगत नाही." आणि लगेच, कुणाला काही सुचायच्या आत, "दिवाल्या पावरा. गोलकीपर."

काय गिल्ला झाला म्हणता! म्हसावदचीच माणसं उठून उभी राहिली. "बुढा याडा व्हयना." "हिरा सोडा नि दगड उचला." कुणी म्हणालं, नाटक्या आहे, पुतण्याला डावलायला रडगाणं गायला. कुणी दिवाल्याच्या जातीवर घसरलं. दिवाल्या कोपऱ्यात उभा होता; त्यानं ते सगळं ऐकलं, आणि हातातली पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, बस.

प्रेमचंदभाऊ उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी फक्त हात पुढं केला. वाहिद खाली उतरला, गळ्यातली दोरी काढायला गेला तर ती कानात अडकली. दोनशे माणसांसमोर कान सोडवत बसला बिचारा. हसलेच लोक. शिट्टी त्यानं त्या तळहातावर ठेवली.

"दुसरी निवड, नवापूर," भटू मास्तर म्हणाले.

"अरबाज पिंजारी." छत उडेल अशी टाळी.

वाहिदनं दाराकडे पाहिलं. जाहिद तिथं नव्हता.

तो बाहेर होता, पिकअपवर ताडपत्री बांधत. वाहिद जवळ जाऊन उभा राहिला. दोरी आवळणं चालूच. वाहिदला वाटलं होतं, आता तरी भाऊ काही म्हणेल. शेवटी वाहिदच चाकाकडे बघत म्हणाला, "टायरमा हवा कमी शे."

जाहिदनं गाठ मारली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर बोलला.

"सभाले सांगं तू."

"हा."

"मी बकरीसंगे बोलस, कारन मले तुन्हासंगे बोलानंच नव्हतं. तुले मन्हासंगे बोलानं व्हतं ना? मंग सभाले कसाले सांगं? मी एक बकरी पाळी. तू दोनसे जमाड्यात." जाहिदनं गाठीवर हात मारला. "तुन्हा दारपाईन मन्हं दार दहा पावलं शे. मझार कमरेइतली भिंत. नऊ साल तुले ती वलांडता उनी नही, आनि अठे शहादाले ईसन मन्ही इज्जत तू लोकेस्मा वाटी ऱ्हायना. टाळी पाहिजे व्हती का याबी गोष्टले?"

वाहिदला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच की. त्याला वाटलं होतं आपण केवढं मोठं काम केलं, भर सभेत पाप कबूल केलं. पण ज्याचा अपराध केला तो मागं दाराशी उभा, आणि कबुली दिली कुणाला, तर शेंगदाणे खाणाऱ्यांना. नऊ वर्षं तिसऱ्याच्या आडून बोलायची दोन्ही घरांना इतकी सवय लागली होती, की माफी मागतानाही त्याला सरळ भावाकडे जावं हे सुचलं नाही.

त्यानं चाकावरची नजर काढली आणि भावाच्या डोळ्यांत पाहिलं. "जाहिद, मी खोटं बोलनू व्हतं. संघले गरज नव्हती. मी जळनू तुन्हावर. मन्हं चुकनं."

जाहिदनं दार उघडलं, गाडीत बसला, चावी फिरवली.

"आयकं मी," तो म्हणाला. "आते सरक. पाय चाकखाले येई."

आणि गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. म्हसावदला नवा मास्तर आला, प्रेमचंदभाऊंच्या मेव्हण्याच्या ओळखीचा, गॉगल लावणारा. वाहिदला पटांगणाभोवतीच्या दोरीच्या आत यायला बंदी. पाच वाजले की तो उशी टाकून पटांगणावर जायचा आणि बाहेर, भज्यांच्या गाडीशेजारी उभा राहायचा. जाता-येता लोक टोमणा मारून जात, "काय मास्तर, कापूस काय म्हनस?" तो ऐकून घ्यायचा. पहिल्या चार सामन्यांत म्हसावदनं दोन गोल खाल्ले. पण मारलाही एकच, त्यामुळे दोन खाल्ले हे कुणी मोजलं नाही.

पाचवा सामना नवापूरशी, म्हसावदच्याच पटांगणावर. मुलगा खेळणार म्हणून जाहिद आला होता. गर्दीत जागा मिळाली ती नेमकी वाहिदपासून दोन हातांवर. दोघंही सरकले नाहीत.

अरबाजनं त्या दिवशी पटांगण पेटवलं. पहिल्या अर्ध्यातच लांबून असा एक मारला की दिवाल्याची बोटं लागूनही चेंडू जाळ्यात. नवापूरची माणसं नाचली. म्हसावदची वाहिदकडे वळून वळून बघायला लागली. "हाऊ देखा तुन्हा गोलकीपर," एकानं भज्याचा कागद त्याच्या पायाशी टाकला.

मग दुसऱ्या अर्ध्यात, शेवटाकडे, अरबाज एकटा सुटला. मागं कुणी नाही, पुढं फक्त दिवाल्या. अरबाजनं डावीकडे खांदा टाकला. कुणीही डावीकडे उडी मारली असती. दिवाल्या जागचा हलला नाही. पाय रोवून बघत राहिला, पोराच्या खांद्याकडे नव्हे, त्याच्या पावलाकडे. आणि पाऊल उजवीकडे वळलं तसा तो मांजरासारखा खाली पसरला आणि चेंडू पोटाशी धरला. अरबाज त्याच्यावरून घरंगळत गेला, उठला, आणि कमरेवर हात ठेवून त्या डोंगरातल्या पोराकडे बघतच राहिला.

टाळी पडली नाही. गोल झाला असता तर पडली असती. म्हसावद एक-शून्यनं हरलं, लोक शिव्या देत पांगले.

जाहिद गेला नाही. पटांगण रिकामं होईपर्यंत तो समोर बघत उभा राहिला. मग तसाच समोर बघत म्हणाला, "भाऊ."

वाहिदनं मान वळवली.

"पोऱ्या तू बरोबर उचला. मन्हा अरबाजतून जास्त त्यानी गरज व्हती तुम्हले. मी तुन्हा जागावर ऱ्हातू ते हाऊच लेतू." मग त्यानंही मान वळवली. "आनि मी तुले माफ करेल नही. या दोन्ही गोष्टी ध्यानमा ठेव."

"ठेवस," वाहिद म्हणाला.

शिट्टी त्याला परत मिळाली नाही, आजतागायत नाही. पण त्याचं खरं ते खरं, असं म्हणणारं एक माणूस जगात निघालं, आणि ते हेच निघालं.

तर मंडळी, झाली गोष्ट. आपल्या मनासारखं वागणाऱ्याला बरं म्हणणं आपल्या सगळ्यांना जमतं. ज्यानं आपलं वाटोळं केलं, त्याचं एखादं बरोबर असेल तर ते बरोबर म्हणायला, आणि वर माफीचं सोंगही न आणायला, माणूस आतून फार स्वच्छ लागतो. आज घरी जाऊन देवापुढं दिवा लावाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत म्हसावदच्या जाहिद पिंजाऱ्याचंही नाव घ्या. त्याला कुणी सांगू नका; रागावेल. पण तुम्ही आठवण ठेवा.